त्रिज्या

कुपवाड एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये
ती गाडी आली तेव्हा कागद होती.
सन्मती उपाध्येनं कागद टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर चार नट ठेवले
आणि म्हणाला, बघा इलाहीभाई.

पुढच्या दिव्यापासून निघालेली एक रेघ
पुढच्या दारावरनं, मागच्या दारावरनं
थेट मागच्या दिव्यात,
मध्ये कुठंही श्वास न घेता.
उसाच्या पाल्याला असते तसली धार.
हँडल नाही. आरसा नाही. पेट्रोलचं झाकण नाही.
नंबरप्लेटला जागाच नव्हती.
विचारलं, तर हसला:
अजून ही कुणाची नाही ना.

सव्वीस वर्षं मी डाय घासतोय.
तिथंच सांगता आलं असतं.
पण कागदाशी कोण भांडणार,
कागद कुठंही वाकतो.
पत्र्याचं तसं नसतं. इकडून ओढला
की तिकडून पातळ होतो,
आणि कुठवर व्हायचं, ते त्याचं तो ठरवतो.

कागदावर रेघेची त्रिज्या दोन मिलिमीटर.
चारशे टनांची प्रेस खाली आली, वर गेली.
दार निघालं. रेघ तंतोतंत.
आणि बिजागरीच्या अंगाला
चार बोटं चीर.

सन्मतीनं चिरेतनं बोट घातलं, काढलं,
पँटीला पुसलं.
पत्रा बदलू म्हणाला. बदलला.
पुण्याहून फोन: दारामागं एकशे ऐंशी रुपये वाढतात,
वेड लागलंय का?
जुना पत्रा परत आला.
चार केली. फाटलं.
सहा केली. फाटलं नाही, पण ट्यूबलाइटखाली
सुरकुती दिसली, कपाळावर दिसते तशी.
नऊला पत्रा मुकाट बसला.

मग एकेक जण येत गेला.
कुणी दुष्ट नव्हतं, एवढं मला लिहून ठेवायचंय.
काचवाला म्हणाला, काच खाली उतरायची तर
दाराला पोट पाहिजे.
भिलवडीचा सहा फुटी ड्रायव्हर मागं बसला,
डोकं टेकलं. छप्पर दोन इंच वर.
चाकं लहान झाली,
फुटला टायर तर तासगावातही मिळावा म्हणून.
हळदीचं पोतं मावेना, डिकी उभी राहिली.
आणि बॉनेट उचललं, कारण
समोर माणूस आलाच, आपटलाच,
तर त्याच्या डोक्याखाली पोकळी हवी.
किती? मी विचारलं.
सन्मतीनं हात आडवा धरून दाखवला.
चार बोटं.

दर खेपेला तो पेन्सिल काढायचा
आणि रेघ जरा खाली सरकवायचा,
भिंत रंगवताना
देवाचा फोटो सरकवावा, तसा.

परवा विश्रामबागच्या सिग्नलला
माझ्या स्कूटरशेजारी येऊन थांबली.
पांढरी. एमएच दहा.
आता कुणाची तरी होती.
मागच्या काचेला नाक लावून एक पोरगं
माझ्याकडं बघत होतं, मी दाराकडं.
रेघ होती.
धुतलेल्या चादरीवर
घडीची खूण राहते, तेवढी.
हिरवा झाला. पोरगं गेलं.

पहिलं फाटकं दार भंगारात निघालं होतं.
गेटबाहेरच्या बसव्वानं मागून नेलं,
स्टोव्हवर आडोशाला बांधलं, तारेनं.
सन्मती सांगलीत आला की
ऑफिसात न येता आधी तिथं जातो,
उभ्यानं चहा पितो, मान वर करून.
त्या कागदातलं खरंखुरं
एवढंच जगात आहे,
दोन मिलिमीटरचं, धूर खाल्लेलं.

दुपारी अडीचच्या सुमाराला
चिरेतनं ऊन उतरतं
आणि पालथ्या ग्लासांवरनं हळूहळू सरकतं.
बसव्वा म्हणते, तेवढी फट बुजवून द्या की, इलाहीभाई,
दूध नासतंय.
मी एम-सील आणतो म्हणतो
आणि दरवेळी विसरतो.